मोहल्ल्यातलं मैदान की शॉपिंग कॉम्प्लेक्स? खुल्या जागेबद्दल प्रत्येक घराला माहीत असावं असं

धर्माबाद म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. रेल्वेनं एक स्टेशन पुढे गेलं की बासर, म्हणजे तेलंगणा. मिरचीची बाजारपेठ म्हणून गावाचं नाव दूरवर आहे. सीमेवरचं गाव, व्यापाराचं गाव आणि तालुक्याचं ठिकाण, त्यामुळे रस्त्यालगतच्या प्रत्येक गुंठ्यावर कुणाची ना कुणाची नजर असतेच. जुनं गाव भरलं, आता वाढ होते ती बाहेरच्या बाजूला: नव्या कॉलन्या, नगर, ले-आऊट. तिथेच कुठेतरी एक मोकळा तुकडा उरलेला असतो. चार लिंबाची झाडं, असरनंतर क्रिकेट खेळणारी पोरं, कडेला बसलेले बुजुर्ग. एखाद्या शादीचा मांडवही तिथेच पडतो.

मग एक दिवस चर्चा सुरू होते, “इथे कॉम्प्लेक्स होणार.” कुणी म्हणतो गाळे होणार, कुणी म्हणतो मॉल. चहाच्या टपरीवर आणि मशिदीच्या ओट्यावर वाद होतात. पण एक गोष्ट बहुतेक कुणालाच ठाऊक नसते: ती जागा कागदावर नेमकी काय आहे? वाद आठवडाभर चालतो, हरकतीची मुदत मात्र निघून जाते.

हीच अडचण डोळ्यांसमोर ठेवून आम्ही ही माहिती एकत्र केली आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूर, उदगीर, निलंगा, कुठल्याही नगर परिषदेच्या गावात ती उपयोगी पडेल. आमचं म्हणणं थोडक्यात असं: मैदान घोषणांनी वाचत नाही, ते कागदानं आणि वेळेत दिलेल्या अर्जानं वाचतं. आणि जो कायदा बिल्डरला लागू होतो, तोच आपल्या जमातीला, ट्रस्टलाही लागू होतो.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

कॉम्प्लेक्स मागणारे सगळेच लालची असतात असं नाही. आपल्या समाजात छोटा धंदा करणारे खूप. शिलाई, मोबाईल दुरुस्ती, फळं, बेकरी, मटण, गॅरेज. रस्त्यावरची हातगाडी केव्हा उचलतील याची धास्ती असते. पक्का गाळा मिळाला तर पोराचं लग्न जमतं, बँक कर्ज देते. नगर परिषदेचंही म्हणणं असतं की घरपट्टी-नळपट्टीवर गाव चालत नाही, गाळ्यांच्या भाड्यातून दिवाबत्ती आणि रस्त्याचा खर्च निघतो. आणि कधी कधी मोकळी जागा खरंच उकिरडा झालेली असते, रात्री तिथे नको ते चालतं. मग आयाबहिणीच म्हणतात, “त्यापेक्षा दुकानं झालेली बरी.”

दुसरी बाजूही तितकीच खरी. आपल्या बऱ्याच वस्त्या गुंठेवारीच्या आहेत. शेतमालकानं दोन-दोन, तीन-तीन गुंठे पाडून विकले, ना रस्ता सोडला, ना मैदान. पुढे गुंठेवारी कायदा, २००१ खाली घरं नियमित करून घेता येतात, पण जे मैदान कधी सोडलंच नाही ते नियमित करून उगवत नाही. म्हणून आसपासच्या एखाद्या रीतसर ले-आऊटमध्ये जो मोकळा तुकडा उरतो, त्यावर चार मोहल्ल्यांची पोरं खेळतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपार काढणाऱ्या म्हातारीला त्या लिंबाखालचीच सावली मिळते. मुलींना तर घराजवळ मैदान नसेल तर मैदानच नाही, त्यांना कुणी दोन किलोमीटर दूर खेळायला पाठवत नाही.

केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या शहर नियोजन मार्गदर्शक सूचनांमध्ये माणशी १० ते १२ चौरस मीटर खुली जागा असावी असं म्हटलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घरामागे ५० ते ६० चौरस मीटर, अर्ध्या गुंठ्याहून थोडं जास्त. आपल्या मोहल्ल्यात घरं किती आणि मैदान किती, हा हिशेब प्रत्येकानं एकदा करून पाहावा.

धंद्याला इस्लाममध्ये मान आहेच. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. मदिनेत त्यांनी मुस्लिमांच्या बाजारासाठी जागा ठरवून दिली, आणि त्याच मदिनेच्या आसपासचा परिसर हरम ठरवून तिथली झाडं तोडायला मनाई केली. बाजाराची जागा बाजाराला, झाडांची जागा झाडांना. तेव्हा प्रश्न दुकान हवं की नको असा नाही. दुकान कुठे हवं, हा प्रश्न आहे.

आधी जागा ओळखा

लोकांच्या तोंडी सगळ्याच मोकळ्या जागेला “सरकारी जागा” म्हणतात. कायद्यात तिचे किमान सहा प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं कार्यालय वेगळं. चुकीच्या ठिकाणी अर्ज केला तर महिना वाया जातो.

१. ले-आऊटमधली खुली जागा. राज्यात मुंबई आणि काही भाग सोडून सगळीकडे डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आऊट केला तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी खुली सोडावी लागते. उदाहरण घेऊ. चार एकरांचा ले-आऊट म्हणजे १६० गुंठे. त्यातले १६ गुंठे, म्हणजे सुमारे १७,४०० चौरस फूट, खुले राहिले पाहिजेत. ही जागा प्लॉटधारकांच्या सामायिक वापरासाठी असते. प्लॉट विकताना मालकानं “समोर गार्डन आहे” सांगून भाव घेतलेला असतो, मग तीच जागा पुन्हा विकायला काढणं म्हणजे एक माल दोनदा विकणं.

या जागेत काहीच बांधता येत नाही असं मात्र नाही. जास्तीत जास्त दुमजली आणि एकूण १५ टक्क्यांपर्यंत बांधकाम चालतं, त्यातही तळमजल्यावर १० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. तेही वाचनालय, व्यायामशाळा, बालवाडी, खेळाशी संबंधित अशा कामासाठी. आपल्या १६ गुंठ्यांच्या उदाहरणात तळमजल्याचं बांधकाम १.६ गुंठ्यांवर जाऊ शकत नाही. गाळ्यांची रांग या यादीत नाही.

२. ॲमिनिटी स्पेस. ही खुल्या जागेपेक्षा वेगळी, आणि इथेच बरेच जण फसतात. ॲमिनिटी म्हणजे सुविधा. तिच्यात शाळा, दवाखाना, पार्किंग, बाग यांच्याबरोबर गरजेपुरती दुकानंही बसतात. म्हणून नकाशावर त्या तुकड्यात “ओपन स्पेस” लिहिलंय की “ॲमिनिटी स्पेस”, हे दोन शब्द नीट वाचा. सगळा दावा त्यावर उभा राहतो.

३. विकास आराखड्यातलं आरक्षण. नगर परिषदेचा विकास आराखडा (डीपी) असतो. त्यात बाग, खेळाचं मैदान, भाजी मंडई, शॉपिंग सेंटर अशी आरक्षणं नंबर टाकून दाखवलेली असतात. जमीन बहुतेक वेळा खासगी मालकाची असते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द झालं असं धरलं जातं. अनेक मैदानं अशी गुपचूप गेली. ना मोर्चा, ना ठराव, फक्त फाईलवर कुणी काही केलं नाही. तेव्हा आपल्या भागातल्या आरक्षणावर अशी नोटीस आली आहे का, हे दरवर्षी विचारायला हवं.

४. नगर परिषदेच्या मालकीची जागा. बाग, जुनं मैदान, आठवडी बाजाराची जागा. इथे निर्णय सभेच्या ठरावानं होतो. नगर परिषद ही त्या जागेची विश्वस्त असते. मालमत्ता कुणाला द्यायची, भाड्यानं द्यायची, तर महाराष्ट्र नगर परिषदा अधिनियम, १९६५ ची बंधनं पाळावी लागतात. ठराव बेकायदेशीर किंवा लोकांना अपाय करणारा असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात.

५. गायरान आणि इतर शासकीय जमीन. महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार चराई, दफनभूमी, गावठाणाची गरज अशा कामांसाठी जमीन राखून ठेवता येते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर होत नाही. २८ जानेवारी २०११ रोजी सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यानंतर जुलै २०११ मध्ये महाराष्ट्र सरकारनंही शासन निर्णय काढला.

६. वक्फची जमीन. ईदगाह, कब्रस्तान, दर्ग्याची इनाम जमीन. तिच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

न्यायालयांनी काय सांगितलं

“मोठ्या माणसांचं काम आहे, कोर्टात काय होणार?” हा सूर नेहमी ऐकू येतो. म्हणून तीन निकाल लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला बंगळुरूचा. राजमहल विलास या वसाहतीच्या मंजूर आराखड्यात एक जागा बागेसाठी होती. ती एका मेडिकल ट्रस्टला नर्सिंग होम बांधायला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं रहिवाशांची बाजू उचलून धरली. लक्षात घ्या, तिथे मॉल नव्हता, दवाखाना होता. काम चांगलं आहे म्हणून बागेची जागा घेता येत नाही, हे त्यातून पक्कं झालं. शेजारच्या लोकांना कोर्टात जायचा हक्क आहे, हेही.

दुसरा लखनौचा. अमीनाबादचा बाजार आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. तिथल्या अमीनुद्दौला पार्कला लोक झंडेवाला पार्क म्हणतात. स्वातंत्र्य चळवळीतल्या सभांमुळे त्याला इतिहास आहे. १९९३ मध्ये महापालिकेनं निविदा न काढताच एका बांधकाम कंपनीशी करार केला: पार्कच्या खाली भूमिगत शॉपिंग कॉम्प्लेक्स. “वर हिरवळ तशीच राहील” असं सांगितलं गेलं. हायकोर्टानं करार रद्द केला. जुलै १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल कायम ठेवला आणि झालेलं बांधकाम पाडून पार्क पूर्ववत करायला सांगितलं. कंपनीचा पैसा गुंतला आहे, काम बरंच पुढे गेलं आहे, हा मुद्दा टिकला नाही. महापालिका ही पार्कची विश्वस्त आहे, लोकांची जागा ती अशी देऊन टाकू शकत नाही, असं कोर्टाचं म्हणणं होतं.

तिसरा निकाल आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा, आणि थोडा कडूही. मुंबईत जुहू-विलेपार्ले योजनेत, म्हणजे जेव्हीपीडीत, ले-आऊटमध्ये खुल्या ठेवलेल्या जागेवरून वाद झाला. एका बाजूला गुलमोहर भागातल्या सोसायट्यांची संघटना, दुसऱ्या बाजूला अंजुमन-ए-शियत-ए-अली ही आपल्याच समाजातली संस्था. १७ एप्रिल २०२० रोजी सुप्रीम कोर्टानं निकाल दिला: ले-आऊटमध्ये एकदा जागा खुली म्हणून राखली की ती खुलीच राहिली पाहिजे, तिथे बांधकामाला परवानगी देता येत नाही. संस्थेचं अपील फेटाळलं गेलं.

हा निकाल आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. आपल्याकडे कधी कधी सूर असा असतो की कॉम्प्लेक्स नको, पण मदरसा, शादीखाना किंवा जमातखाना झाला तर हरकत नाही. नेमकं हेच समोरचे आपापल्या देवस्थानाबद्दल म्हणतात. मग खुली जागा कुणाचीच राहत नाही, उरतो तो तणाव. मस्जिद-ए-नबवीची जागा दोन यतीम मुलांची होती. ती मुलं फुकट द्यायला तयार असताना प्रेषितांनी (स.) ती किंमत देऊन घेतली. इबादतीच्या कामालाही दुसऱ्याच्या हक्काची जमीन चालत नाही, याहून मोठा दाखला कुठला?

कागद कुठे मिळतात

कुठल्याही वादात पडण्याआधी पुढचे कागद हातात घ्या. सगळे मिळायला महिना-दीड महिना लागू शकतो, म्हणून कुजबुज सुरू होताच कामाला लागा.

सातबारा किंवा मालमत्ता पत्रक (पी.आर. कार्ड). पहिला तलाठ्याकडे किंवा ऑनलाईन, दुसरं भूमी अभिलेख कार्यालयात.

मंजूर ले-आऊटचा नकाशा आणि मंजुरीचा आदेश. नगर परिषदेच्या नगररचना विभागात किंवा नांदेडच्या नगररचना कार्यालयात. जुन्या ले-आऊटसाठी एन.ए. आदेश तहसील किंवा उपविभागीय अधिकारी कार्यालयाच्या फाईलीत असतो.

विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला. सर्व्हे नंबर किंवा गट नंबर देऊन नगर परिषदेकडे मागता येतो.

सभेचा ठराव आणि इतिवृत्त. कॉम्प्लेक्सचा विषय कोणत्या तारखेच्या सभेत, कोणत्या नंबरनं आला, हे त्यातून कळतं.

सरळ मागून मिळालं नाही तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, हा नियम आहे, म्हणून प्रत्येक कागदासाठी वेगळा अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. “का बांधता?” असा प्रश्न विचारू नका, कागदाची प्रत मागा. “का”चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत.

इथे मराठवाड्याची एक खास गोष्ट. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जुने जमिनीचे कागद, मुंतखब आणि इनामाच्या सनदा उर्दू-फारसीत आहेत. १९५४-५५ चं खासरा पत्रक आजही मालकीच्या वादात काढलं जातं. हे कागद वाचणारे आज फार कमी उरलेत. पण आपल्या घरातले नाना, दादा, खाला यांच्यातले काही अजून शिकस्ता उर्दू वाचतात. कार्यालयातला तरुण कर्मचारी जिथे अडतो, तिथे आपला बुजुर्ग दोन मिनिटांत सर्व्हे नंबर सांगतो. त्यांना सोबत घ्या. आणि हे हयात आहेत तोवर एखाद्या पोरानं त्यांच्याकडून शिकून घ्यावं.

ईदगाह आणि कब्रस्तानाची जागा

ईदची नमाज उघड्या मैदानात पढणं ही सुन्नत आहे. म्हणून ईदगाह वर्षातून दोन दिवस भरते आणि बाकी दिवस मोकळी दिसते. तीच तिची अडचण होते. “एवढी जागा रिकामी पडलीय, समोर गाळे काढू, भाड्यातून मशिदीचा खर्च निघेल,” असा विचार बाहेरचेच नाही तर कधी कधी आपले मुतवल्लीही करतात.

कायदा इथे कडक आहे. वक्फ मालमत्ता विकणं, बक्षीस देणं, गहाण ठेवणं चालत नाही. भाडेपट्टा वक्फ मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय केला तर तो रद्दबातल. आणि मशीद, दर्गा, खानकाह, कब्रस्तान, इमामबाडा या जागा भाडेपट्ट्यानं देताच येत नाहीत. इतर वक्फ जमिनीवर परवानगीनं, नियमातल्या भाड्यानं व्यापारी वापर होऊ शकतो. म्हणजे दर्ग्याची रस्त्यालगतची शेतजमीन वेगळी आणि कब्रस्तान वेगळं. दोन्ही एका तागडीत तोलू नका.

आपली ईदगाह किंवा कब्रस्तान वक्फ म्हणून नोंदलेली आहे का, हे छत्रपती संभाजीनगरच्या वक्फ मंडळाच्या मुख्य कार्यालयातून किंवा जिल्हा वक्फ अधिकाऱ्याकडून तपासा. सातबाऱ्यावर काय लिहिलंय तेही बघा. वक्फच्या नोंदीत आहे पण सातबाऱ्यावर नाही, अशीही प्रकरणं असतात. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारनं उमीद पोर्टल सुरू केलं आणि वक्फ मालमत्तांची माहिती तिथे भरणं बंधनकारक केलं. आपल्या जागेची माहिती भरली गेली का, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा बरोबर आहेत का, हे मुतवल्लींना आदबीनं पण लेखी विचारा.

हरकत कशी घ्यायची

समजा तुमच्या भागातल्या बागेचं आरक्षण बदलून “शॉपिंग सेंटर” करण्याचा प्रस्ताव आहे. तो दोन वाटांनी येतो.

एक, नवा किंवा सुधारित विकास आराखडा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर कलम २६ खाली ३० दिवसांत कुणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. त्यानंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते.

दोन, मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल, कलम ३७. त्यासाठीही राजपत्रात सूचना काढावी लागते, हरकतींसाठी महिनाभराची मुदत असते, सुनावणी होते, मग प्रस्ताव शासनाकडे जातो. “किरकोळ” हा शब्द महत्त्वाचा. फेरबदलानं आराखड्याचं मूळ स्वरूप बदलत असेल तर तो या कलमात बसत नाही. गावातलं एकमेव मोठं मैदान काढून टाकणं किरकोळ कसं, हा तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा असू शकतो.

सूचना वर्तमानपत्रात छोट्या अक्षरांत येते, नाहीतर नगर परिषदेच्या फलकावर लागते. जुम्याच्या नमाजनंतर एखाद्यानं आठवड्याला एकदा तो फलक बघून यायचा, एवढी सवय लागली तरी निम्मं काम होतं.

हरकतीचा अर्ज साधा असावा. नमुना असा:

“प्रति, मुख्याधिकारी, नगर परिषद, धर्माबाद. विषय: सर्व्हे/गट नंबर अमुक, आरक्षण क्रमांक अमुक, या जागेच्या वापरात बदल करण्यास हरकत. महोदय, मी वरील जागेपासून अमुक अंतरावर राहतो/राहते. दिनांक अमुक रोजी प्रसिद्ध झालेल्या सूचनेस अनुसरून ही हरकत दाखल करीत आहे. १) ही जागा मंजूर आराखड्यात/ले-आऊटमध्ये खेळाचे मैदान/खुली जागा म्हणून दर्शविलेली आहे, नकाशाची प्रत जोडली आहे. २) या भागात अंदाजे इतकी घरे असून दुसरे मैदान नाही. ३) जागेवर इतकी झाडे आहेत. ४) दुकानांसाठी अमुक पर्यायी जागा उपलब्ध आहे. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी द्यावी, ही विनंती.” खाली नाव, पत्ता, सही, तारीख.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि एका प्रतीवर आवक नंबर व शिक्का घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजा. एक अर्ज आणि खाली दोनशे सह्या यापेक्षा घराघरातून वेगवेगळे अर्ज गेले तर प्रत्येकाची नोंद होते, प्रत्येकाला सुनावणीला बोलवावं लागतं. महिलांनी स्वतःच्या नावानं अर्ज द्यावेत. मैदानाची गरज त्या सगळ्यात नेमकी सांगू शकतात.

झाडं असतील तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ती तोडता येत नाहीत. झाडांची मोजदाद करा, फोटो काढून ठेवा, फोटोवर तारीख दिसू द्या.

एवढं करूनही काम सुरू झालं तर जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ चा अर्ज, आणि शेवटी मुंबई हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. नांदेड आणि लातूर दोन्ही जिल्हे तिथेच येतात. उशीर मात्र करू नका. “भिंती उभ्या राहीपर्यंत तुम्ही कुठे होता?” हा प्रश्न कोर्ट विचारतंच.

नेहमी होणाऱ्या चुका

पहिली चूक, प्रश्नाला मजहबी रंग देणं किंवा दुसऱ्यानं दिला तर तो स्वीकारणं. मैदानावर खेळणारी पोरं सगळ्या गल्ल्यांतली असतात. अर्जावर शेख आणि पठाण यांच्याबरोबर जाधव, कांबळे, रेड्डी यांच्याही सह्या हव्यात. धर्माबादेत मराठी, तेलुगू, उर्दू तिन्ही बोलणारे एकाच बाजारात मिरची विकतात, त्यांना एका अर्जावर सही करायला काय अडचण?

दुसरी चूक, जागा वाचवली आणि मग सोडून दिली. उकिरडा झालेली जागा पुन्हा कॉम्प्लेक्सवाल्याच्याच कामी येते. महिन्यातून एकदा सफाई, चार दिवे, दोन बाक, कडेनं लिंब-करंजाची रोपं, एवढं मोहल्ला कमिटीला जमतं. झाड लावणाऱ्याला पाखरानं खाल्लेल्या फळाचाही सवाब मिळतो, ही हदीस आपण पोरांना शिकवतोच.

तिसरी चूक, गाळ्याच्या आश्वासनावर गप्प बसणं. “तुमच्या भावाला गाळा देऊ” असं सांगितलं जातं. गाळ्यांचं वाटप लिलावानं होतं, तोंडी शब्दाला तिथे किंमत नाही.

चौथी चूक, फक्त “नको” म्हणणं. पर्याय घेऊन गेलात तर अधिकारीही ऐकतात.

मग दुकानं कुठे?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण गरज खरी आहे. विकास आराखड्यात भाजी मंडई आणि शॉपिंग सेंटरसाठी वेगळी आरक्षणं असतात. ती विकसित झाली का, हे आधी विचारा. तसंच नगर परिषदेच्या जुन्या गाळ्यांतले किती रिकामे आहेत आणि किती पोटभाड्यानं दिलेत, ही यादी माहिती अधिकारात मागा. मोडकळीला आलेल्या जुन्या इमारतीच्या जागी दुमजली मार्केट, रस्त्याच्या कडेला ठरवलेला हॉकर्स झोन, आठवडी बाजाराच्या जागेवर पक्के ओटे, हे सगळे पर्याय मैदानाला हात न लावता होतात. पथविक्रेता कायदा, २०१४ खाली फेरीवाल्यांची नोंदणी आणि जागा ठरवणं हे नगर परिषदेचंच काम आहे. आपल्या हातगाडीवाल्या भावांनी मैदान मागण्याऐवजी हा हक्क मागावा.

आमचं म्हणणं एवढंच की मैदान आणि गाळा यांची झुंज लावून देणाऱ्याचा डाव ओळखा. गाळा दहा ठिकाणी बांधता येतो. एकदा स्लॅब पडला की मैदान परत मिळवायला अमीनाबादकरांना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, सहा वर्षं लागली.

या आठवड्यात एक काम करा. आपल्या मोहल्ल्यातल्या मोकळ्या जागेचा सर्व्हे नंबर शोधा आणि मंजूर नकाशाची प्रत मागणारा अर्ज द्या. आज कुठलाही वाद नसेल तरीही द्या. नकाशा मशिदीच्या कपाटात आणि शेजारच्या वाचनालयात, दोन्हीकडे ठेवा. उद्या कुणी येऊन “ही जागा कुणाची?” असं विचारलं, तर उत्तर कागदावर तयार असेल.